वननोटच्या टेबलला बेरीज शिकवताना

वननोट या मायक्रोसॉफ्टच्या टिपणवहीच्या प्रोग्रॅममध्ये टेबल काढता येतं, रंगवता येतं, कॉलमप्रमाणे क्रमाने लावता येतं. शेवटच्या ओळीत एकूण मात्र मिळत नाही. साध्या मजकुरात आकडेमोड लिहून पुढे बरोबरचं चिन्ह दिलं की उत्तर येतं, तेवढीच सोय. एक्सेलची शीट पानात घालता येते, पण आठ-दहा ओळींच्या यादीसाठी कोण एवढा खटाटोप करणार? म्हणून मागे कधीतरी मी स्वतःपुरतं एक छोटं ॲड-इन (वननोटला जोडायचा जादा प्रोग्रॅम) लिहिलं होतं. भाषा सी शार्प, वरच्या पट्टीवर, म्हणजे रिबनवर, एकच बटण. दाबलं की कर्सर असलेल्या कॉलमची बेरीज खाली हजर. पुढे ते ओळखीच्या काही जणांनी घेतलं, त्यांच्या मागण्या साचत गेल्या, आणि शेवटी नवी आवृत्ती काढायला बसलो.

पहिली तक्रार अशी, की नव्या मशीनवर बटणच दिसत नाही. हा प्रकार कॉम (प्रोग्रॅम एकमेकांना जोडायची विंडोजची जुनी पद्धत) वापरणाऱ्या जुन्या ॲड-इनवाल्यांना पाठ असेल. ऑफिस ३२ बिटचं की ६४ बिटचं, यावर रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगांच्या कोठारातली) नोंद कुठे शोधली जाते ते ठरतं. ३२ बिटच्या इन्स्टॉलरने केलेली नोंद विंडोज गुपचूप वाऊ६४३२नोड या फांदीखाली ठेवतं, आणि ६४ बिटचं वननोट तिकडे बघतच नाही. डीएलएल, म्हणजे ॲड-इनची फाइल, ठणठणीत असते, फक्त तिचा पत्ता चुकीच्या खणात. आता इन्स्टॉलर आधी ऑफिसचा प्रकार बघतो आणि त्याप्रमाणे नोंद करतो. काम किरकोळ, पण हे न करता बाकी काहीही सुधारलं असतं तरी कोणाला दिसलं नसतं.

डेव्हलपमेंट करताना आणखी एक गोष्ट डोकं खाते, ती सांगून टाकतो. वननोटचं ॲड-इन वननोटच्या प्रोसेसमध्ये चालत नाही, डीएलएलहोस्ट नावाच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं. वननोट बंद केलं तरी कॉमचे संदर्भ (वननोटशी धरून ठेवलेले दुवे) नीट सोडले नसतील तर ती प्रोसेस तशीच लटकत राहते, डीएलएल लॉक होते आणि पुढचं बिल्ड (कोडमधून नवी फाइल बनवणं) अडतं. टास्क मॅनेजर उघडा, ती मारा, पुन्हा बिल्ड करा. बंद होतानाच्या फंक्शनमध्ये सगळे संदर्भ मोकळे केल्यावर हा त्रास गेला.

आता मूळ काम. वननोट पान देतं ते एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅग लावलेल्या मजकुरात. टेबल, त्यात ओळी, ओळीत सेल, सेलमध्ये परिच्छेद, आणि परिच्छेदातला मजकूर सीडेटाच्या वेष्टनात, तोही एचटीएमएलच्या टॅगसकट. कोणी १२५ मधला नुसता २५ ठळक केला, तर आकडा दोन तुकड्यांत येतो: बाहेर १, स्पॅन या टॅगच्या पोटात २५. म्हणून टॅग काढून मजकूर जोडायचा आणि मगच वाचायचा. कर्सर कुठल्या कॉलममध्ये आहे हेही याच एक्सएमएलमधून कळतं, पण त्यासाठी पान मागतानाच निवडीची माहितीही हवी असं सांगावं लागतं. नाहीतर ती येत नाही.

बेरीज ही चार ओळींची गोष्ट. खरा वेळ खाल्ला तो ‘आकडा कशाला म्हणायचं’ या प्रश्नाने. डॉटनेटचं (सी शार्प ज्यावर चालते त्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेचं) आकडा वाचणारं फंक्शन स्वल्पविरामांच्या बाबतीत फारच उदार आहे. गट किती अंकांचे आहेत ते तपासतच नाही, त्यामुळे १,००,००० आणि १००,००० दोन्ही लाख म्हणूनच वाचले जातात, हे बरंच झालं. पण त्याच उदारपणात कोणी सेलमध्ये प्रकरणांचे क्रमांक म्हणून १,२,३ लिहिलं, तर त्याचे एकशे तेवीस होऊन बेरजेत जमा! मी वरून स्वतःची तपासणी लावली: शेवटचा गट तीनच अंकांचा, मधले दोन किंवा तीन अंकांचे, पहिला एक ते तीन अंकांचा, यात न बसणारा सेल सोडून द्यायचा.

देवनागरी अंकांची गंमत तर वेगळीच. एखादं अक्षर अंक आहे का, असं डॉटनेटला विचारलं तर ५ ला ते ‘हो’ म्हणतं. रेग्युलर एक्स्प्रेशनमधली (मजकुरातले नमुने शोधायच्या सूत्रातली) अंकांची खूणही त्याला पकडते. मात्र तोच ५ आकडा म्हणून वाचायला दिला की साफ नकार. म्हणजे चाळणीतून पास आणि बेरजेत गैरहजर. उपाय सोपा आहे: युनिकोड या अक्षरांच्या जागतिक तक्त्यातून प्रत्येक अंकाची किंमत विचारून घ्यायची आणि वाचण्याआधी तो साध्या अंकात बदलायचा. जाता जाता न तुटणारी स्पेस आणि गणिती वजाचं लांब चिन्ह यांचीही विल्हेवाट लावली. दुसरीकडून कॉपी केलेल्या तक्त्यांत ही दोन्ही हमखास असतात.

आकडे साठवायला डबल हा बायनरी प्रकार काढून डेसिमल हा दशमान प्रकार घेतला. बायनरीत ०.१ नेमका बसत नाही, त्यामुळे डबलमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पूर्ण छापली तर ०.३०००००००००००००००४ दिसते. हिशोबाच्या तक्त्याखाली असलं शेपूट कोणाला पटवून देणार?

खोडलेल्या नोंदींवर बराच विचार केला. मजकुरावर आडवी रेघ मारलेली असेल तर ती स्पॅनच्या स्टाइलमध्ये दिसते. लोक नोंद पुसत नाहीत, खोडून ठेवतात. म्हणजे ती त्यांना मोजायची नाही, असं मी धरलं. ‘१२ पानं’ अशा सेलमधला १२ उचलावा असा आग्रह होता, तो मी मानला नाही. एकात पानं, दुसऱ्यात तास असले तर काय करायचं? त्याऐवजी किती सेल सोडले ते बटण दाबल्यावर छोट्या खिडकीत सांगतो. सरासरीची मागणी आली तेव्हा हाच नियम कामी आला: रिकामा सेल शून्य नाही, तो भागाकारात धरायचाच नाही.

जुन्या आवृत्तीत दर वेळी बटण दाबलं की नवी ओळ वाढायची, आणि दुसऱ्यांदा दाबलं की आधीचं एकूणही बेरजेत. आता एकूणच्या सेलमधल्या परिच्छेदावर न दिसणारी मेटा खूण ठेवतो. खूण सापडली तर तीच ओळ बदलायची, आणि मोजताना ती वगळायची. ‘एकूण’ हा शब्द शोधून ओळ ओळखणं सोपं होतं, पण कोणी तिथे ‘बेरीज’ लिहिलं की खेळ खलास.

परत लिहिताना अख्खं पान पाठवत नाही. टेबल ज्या आऊटलाइनमध्ये (पानावरच्या मजकुराच्या चौकटीत) आहे तेवढीच, तिच्या मूळ ओळखक्रमांकांसकट. पाठवलं नाही त्याला वननोट हात लावत नाही. शिवाय पान वाचलं तेव्हाची बदलाची वेळ सोबत देता येते. मधल्या काळात सहकाऱ्याने त्याच पानावर काही लिहिलं असेल, तर वननोट बदल नाकारतं आणि आपण पुन्हा वाचून पुन्हा मोजायचं. सामायिक वहीत हे नसेल तर दुसऱ्याचं लिखाण उडू शकतं, म्हणून हा भाग मी सगळ्यात जास्त तपासला.

तासांची बेरीज अजून राहिली आहे. २:३० आणि १:४५ मिळून ४:१५ होतात इथपर्यंत ठीक, पण बेरीज २५ तासांवर गेली की डॉटनेट ती १.०१:००:०० अशी छापतं, एक दिवस एक तास. कामाचे तास मोजणाऱ्याला २५:०० हवं असतं. एकूण मिनिटं धरून तास स्वतः काढले की झालं, पण २:३० म्हणजे तास-मिनिटं की मिनिटं-सेकंद, हे कॉलमचं शीर्षक वाचून ठरवायचं की वापरणाऱ्याला विचारायचं, तिथे गाडी अडली आहे. माझा कल विचारण्याकडे आहे.