एक मैल अनवाणी

इंग्लंडमधल्या नॉरफोकात आम्ही वॉल्सिंगमच्या मरियामातेच्या यात्रेला पायी निघालो होतो. वाटेत स्वॉफमच्या चर्चमध्ये छतावरचे लाकडी देवदूत मान मोडेपर्यंत पाहिले, कॅसल एकरचा पडका मठ पाहिला, फोटो काढले आणि पुढे निघालो. त्या दोन्हींबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. लक्षात राहिले ते पाय.

कॅसल एकरच्या पुढे पेडर्स वे लागतो. रोमन लोकांनी घातलेला रस्ता, पट्टी ठेवून आखल्यासारखा सरळ. वळण नाही, सावली नाही, दोन्हीकडे सातू आणि बीटाची शेतं. जुलैचं ऊन. पायाखाली गारगोट्या. या भागात बांधकामाचा धड दगड मिळत नाही, म्हणून नॉरफोकची चर्चं याच गारगोट्यांनी बांधलेली. भिंतीत त्या सुरेख दिसतात. बुटाखाली येऊन बघा.

आमच्या जथ्यात बरेचसे केरळचे, काही फिलिपिनो, दोन तमिळ बहिणी, एक आयरिश आजोबा आणि वसईची मी एकटी. आजोबांच्या पाठीवर स्पीकर. त्यातून रोझरीची, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेची, दुःखाची रहस्ये चालू होती आणि दर दहा मिनिटांनी तो मध्येच खरखरायचा. मला खरं म्हणजे वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेची आठवण येत होती. तिथे गर्दीच तुम्हाला पुढे ढकलत नेते, थकवा वाटून घेतला जातो. इथे मैलभरात माणूस नाही, एक ट्रॅक्टर तेवढा दिसला. काट्यांच्या मुकुटाच्या रहस्याला माझ्या उजव्या टाचेचा फोड फुटला. पुढचे नमो मरिया मी दात आवळून म्हटले, आणि त्यातल्या निम्म्यांत प्रार्थना नव्हती, आजोबांच्या स्पीकरवरचा राग होता.

ग्रेट मॅसिंगमला मोठी मोठी तळी आहेत, बदकं आहेत. बाकीचे तिथे सावलीत टेकले. मी लंगडत पुढच्या एका गावापर्यंत आले आणि पहिला पब दिसला तशी आत शिरले.

दुपारी चारचा पब. काउंटरला दोन म्हातारे, त्यांच्या पायाशी एक ओला कुत्रा, बाकी कोणी नाही. मी शँडी, म्हणजे लेमोनेड घातलेली बियर, मागितली आणि कोपऱ्यात बसून मोजा उतरवला. मोजा टाचेला चिकटला होता. मी नर्स आहे, रोज असल्या जखमा बघते, पण दुसऱ्याच्या. त्यातला एक म्हातारा ग्लास घेऊन आला, वाकून टाच बघितली आणि काही न बोलता बाहेर गेला. मला वाटलं, किळस आली असावी. थोड्या वेळाने परत आला तो मूठभर लोकर घेऊन. मेंढ्या कुंपणाला अंग घासतात तेव्हा तारेला जी अडकते ती. मळकट, तेलकट, एक काडी पण होती तिच्यात. वॉर्डात कुणी असं काही जखमेजवळ आणलं असतं तर मी तक्रार लिहिली असती.

त्याने काडी वेचून काढली. लोकर बोटांनी पिंजत बसला, अगदी निवांत, जणू दुपारभर त्याला हेच काम. मग म्हणाला, जखमेवर तुझी पट्टी लाव, ही बाहेरून गुंडाळ, बुटात हलू द्यायची नाही. त्याचे उच्चार इतके नॉरफोकचे की निम्मं मी हातवाऱ्यांवरून समजले. पबवालीने कोमट पाणी आणि मीठ आणून दिलं, शँडीचे पैसे मात्र चोख घेतले.

वॉल्सिंगमला चाललोय म्हटल्यावर तो हसला. गावच्या चर्चची घंटा तोच ओढतो म्हणे, तरुणपणापासून. मी विचारलं, मग रविवारी उपासनेला बसत असाल. ‘छे! घंटा झाली की आम्ही सगळे इथे येतो. वाजवणाऱ्यांनी थांबायचं असतं असं कुठे लिहिलंय?’ नाव विचारायचं राहिलं. लोकरीचा वास फेकनमपर्यंत सोबत होता. टाच दुखली नाही असं नाही, पण बूट घासायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी ईस्ट बार्शम. तिथल्या वाड्याच्या विटांच्या धुराड्यांवर नक्षी आहे. १५११ मध्ये मुलगा झाला म्हणून आठवा हेन्री इथून वॉल्सिंगमपर्यंत अनवाणी गेला असं सांगतात. त्याच राजाच्या कारकिर्दीत १५३८ साली वॉल्सिंगमचा मठ बंद झाला आणि मरियामातेची मूर्ती लंडनला नेऊन जाळली. ती बाळंतीण राणी, ते बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आतच गेलं, हे सगळं डोक्यात येत होतं आणि मला राजाची दयाही येईना.

हॉटन सेंट जाइल्सला स्लिपर चॅपल. १३४० च्या सुमाराचं, एवढंसं. मठ गेल्यावर त्याचं गुरांच्या गोठ्यापर्यंत सगळं काही झालं. १८९६ मध्ये शार्लट बॉइड नावाच्या बाईंनी ते विकत घेतलं, म्हणून उरलं. पूर्वीचे यात्रेकरू इथे पायताण काढून शेवटचा मैल अनवाणी जायचे. आम्हीही काढली. मी लोकर सोडली नाही, पट्टीवर तशीच बांधून चालले. गरम डांबर, मधूनच बारीक खडी. ‘आवे, आवे, आवे मारिया’ सुरू झालं आणि तमिळ बहिणींनी वरचा सूर धरला. स्पीकरची बॅटरी एव्हाना संपली होती. मला रडू आलं. कशाचं ते सांगता येणार नाही, पायाचंही असेल.

त्या शनिवारी सिरो-मलबारांची, म्हणजे केरळी कॅथलिकांची, यात्रा होती, सगळी गल्ली रंगीत छत्र्यांनी आणि चेंडा ढोलांच्या आवाजाने भरलेली. बुल नावाच्या पबच्या दारात लोक ग्लास घेऊन मिरवणूक बघत उभे.

गावात अँग्लिकनांचंही, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडवाल्यांचंही, तीर्थस्थान आहे, १९३१ चं, त्यांचे इथले धर्मगुरू होप पॅटन यांनी उभं केलेलं. आत एक पवित्र विहीर आहे. आजोबा दारातच अडले. ‘आपलं कॅथलिकांचं मागे हॉटनला आहे. हे त्यांचं.’ मी म्हटलं, ‘विहीर कुणाची असते हो?’ आणि आत गेले. तिथला फादर पळीने घोटभर पाणी पाजतो, कपाळावर क्रूस काढतो, उरलेलं ओंजळीत ओततो. माझ्या ओंजळीतलं मी गुपचूप टाचेवर सोडलं.

बाहेर आले तर आजोबा तिथेच.

‘थंड आहे का?’

‘आहे.’

त्यांनी काठी आणि तो बंद स्पीकर माझ्या हातात दिला आणि रांगेत जाऊन उभे राहिले. पुढे तीसेक माणसं होती, आणि मला चहा हवा होता.