टल्साचा गन शो: सरप्लस काडतुसं घ्यायला जाणाऱ्यांसाठी

जुन्या लष्करी रायफलींसाठी स्वस्तात सरप्लस, म्हणजे लष्करांनी काढून टाकलेली जुनी काडतुसं मिळतात म्हणून ओक्लाहोमातल्या टल्साच्या गन शोला निघाला असाल, तर आधीच सांगतो: मिळतात, पण ‘स्वस्त सरप्लस’ अशी पाटी लावलेली असते तिथं नव्हे. ‘नॉन-करोझिव्ह आहे, मी स्वतः हीच वापरतो’ (म्हणजे बारानंतर नळीला गंज चढवत नाही) असं तोंडानं सांगणारा, पण काडतुसाच्या बुडावरचा शिक्का नीट वाचू न देणारा विक्रेता दिसला की तडक पुढं जा. रायफल तुमच्याकडे आहे, हेडस्पेस (चेंबरमध्ये काडतूस नीट बसतं का ते) तपासून घेतलंय आणि रेंजवरचं वागणं माहीत आहे, हे गृहीत धरून पुढचं लिहितोय.

त्याआधी व्हिसाचं बघा. आपली बरीच मंडळी एच-१बी किंवा एफ-१ वर असतात. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर नुसतं काडतूस जवळ बाळगणंही गुन्हा आहे. कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. मित्राच्या नावावर घेऊ, माल आपल्या गाडीत ठेवू, असले उद्योग करू नका. इलिनॉयमध्ये राहणाऱ्यांना तिथलं एफओआयडी कार्ड (बंदूक-काडतुसं बाळगण्याचं राज्याचं ओळखपत्र) लागतं, आणि कॅलिफोर्नियावाल्यांनी दुसऱ्या राज्यातून माल आणण्याआधी आपल्या राज्याचे नियम वाचावेत.

डॅलसहून रस्ता सोपा आहे: हायवे ७५, मग ६९, मॅकॲलेस्टरपासून टोलचा इंडियन नेशन टर्नपाइक, आणि हेन्रिएटाहून परत ७५. साधारण चार तास. वाटेत मॅकॲलेस्टरला लष्कराचा दारूगोळ्याचा मोठा कारखाना आहे म्हणून कुणी आशेनं वळतं. तिथं बॉम्ब बनतात, आपल्यासाठी काही नाही. शो एप्रिल आणि नोव्हेंबरमध्ये एक्स्पो स्क्वेअरला भरतो, बाहेर तो सोनेरी ड्रिलरचा अवाढव्य पुतळा उभा आहे. एकाच छताखाली सुमारे ११ एकर आणि चार हजारांवर टेबलं. बूट चांगले घाला आणि शनिवारी दार उघडताच आत शिरा. दारापासच्या रांगांत नव्या मालाचे व्यापारी आणि बीफ जर्की (सुकवलेलं मांस) विकणारे असतात, तिथं वेळ घालवू नका. संग्राहकांची टेबलं आत आहेत. ज्याच्या टेबलावर संगिनी, स्लिंग (रायफलीचे पट्टे) आणि स्ट्रिपर क्लिपा (काडतुसं एकदम भरायच्या पट्ट्या) मांडल्यात, त्याच्याच टेबलाखाली काडतुसांचा डबा असतो. विचारल्याशिवाय तो बाहेर निघत नाही.

आता हिशेब. ‘मोझिन-नागां’ या जुन्या रशियन रायफलीच्या ७.६२×५४आर काडतुसांचा सीलबंद पत्र्याचा डबा ४४० काडतुसांचा, लाकडी पेटीत असे दोन. २०१० च्या आसपास हा डबा १०० डॉलरच्या आत मिळायचा. ते दिवस गेले, आणि ७ सप्टेंबर २०२१ पासून रशियन काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने बंद झाल्यावर तर विक्रेत्यांना भाव चढवायला निमित्तच मिळालं. ३०० डॉलर मागितले तर एक काडतूस ६८ सेंटला पडलं. ही रक्कम सर्बियाच्या पीपीयू कंपनीच्या नव्या काडतुसाशी ताडून बघा. पीपीयूचं पितळ बॉक्सर पद्धतीच्या प्रायमरचं (प्रायमर म्हणजे बुडातली दारू पेटवणारी टिकली), परत भरता येतं, गंजाची भानगड नाही. म्हणून आमचा नियम: सरप्लसचा भाव नव्याच्या ६० टक्क्यांवर गेला की घ्यायचं नाही. आम्ही गेलो त्या शोमध्ये झिपलॉकच्या पिशव्यांत सुटी भरलेली मिश्र काडतुसं नव्या मालापेक्षा महाग लावलेली होती, आणि लोक घेत होते! सुटा माल कुठल्याही भावात घेऊ नका. दहा देशांची, दहा सालांची काडतुसं एकत्र असली की एकही नेम जागेवर पडत नाही.

हिरव्या लष्करी डब्यावरच्या पिवळ्या अक्षरांवरही विसंबू नका. रिकामे डबे कुठंही मिळतात, आत काय भरलंय ते डबा सांगत नाही. शिक्का सांगतो, आणि तोही कधी कधी खोटा असतो. .३० कार्बाइनचा अमेरिकी लष्करी माल पहिल्यापासून नॉन-करोझिव्ह होता, पण ‘एलसी ५२’ असा लेक सिटी या अमेरिकी लष्करी काडतूस कारखान्याचा नकली शिक्का मारलेला चिनी माल बाजारात आहे आणि तो करोझिव्ह आहे. ‘एलसी ५२’ दिसलं की हात आखडता घ्या. .३०-०६ (गॅरंडसारख्या अमेरिकी रायफलींचं काडतूस) मध्ये १९४० च्या दशकातला अमेरिकी माल करोझिव्ह धरूनच चाला. ग्रीसचा ‘एचएक्सपी’ शिक्क्याचा माल मूळ बांधणीत योग्य भावात मिळाला, तर डोळे झाकून घ्या.

.३०३, म्हणजे ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलीच्या काडतुसाची गोष्ट आपल्याला जवळची. ‘के’ आणि ‘एफ’ यांच्यामध्ये बाण असा शिक्का दिसला तर ते काडतूस खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं. हातात घेतल्यावर आनंद होतो खरा, पण युद्धकाळातला तो माल बर्डन प्रायमरचा (परत भरायला अवघड) आणि करोझिव्ह आहे, आत बारीक शेवयांसारख्या कॉर्डाइट या जुन्या दारूच्या काड्या असतात. संग्रहाला एक पाकीट घ्या, रेंजसाठी नको. पाकिस्तानी ‘पीओएफ’ शिक्क्याचा माल तर फुकट दिला तरी सोडा. खटका दाबल्यावर टक्, मग क्षणभर शांतता, मग बार, हा त्याचा कुप्रसिद्ध दोष. असं झालं तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद बोल्टला हात लावू नका. शिक्क्यात मार्कच्या (नमुन्याच्या) आकड्यानंतर ‘झेड’ असेल तर आत कॉर्डाइट नाही, नायट्रोसेल्युलोजची दारू आहे. मार्क ८ झेड मात्र व्हिकर्स मशीनगनसाठीचा माल. कॉर्डाइटनं झिजलेल्या जुन्या ली-एनफिल्डच्या नळीत त्याची निमुळत्या बुडाची गोळी नीट बसत नाही आणि नेम विखुरतो.

८×५७ माउझर या जर्मन मापात युगोस्लाव्ह एम-४९ घ्यायला हरकत नाही, १५ ची पाकिटं, पाचाच्या क्लिपांवर. त्याचे प्रायमर कडक असतात. स्प्रिंग दमलेली असेल तर काही बार फसतील, स्प्रिंग बदला. तुर्की माल भरभक्कम ताकदीचा असतो आणि त्याच्या मानेला चिरा पडलेल्या सापडतात. जुन्या जर्मन गेव्हेर ८८ रायफलीवर ‘एस’ शिक्का नसेल तर तिच्यात यातलं काहीच घालू नका; जुनी नळी .३१८ ची, ही गोळी .३२३ ची. सगळ्यांत उत्तम सरप्लस विचाराल तर स्विस जीपी-११. नॉन-करोझिव्ह, १० ची पाकिटं, अशी सहा मिळून ६० चा गठ्ठा, पेटीत ४८०. त्या मापाची स्विस के-३१ रायफल असेल तर पैशाकडे बघू नका.

टेबलावर तपासायचं ते असं. पाकिटातली निदान तीन-चार काडतुसं काढून मान भिंगाखाली फिरवून बघा. पितळ काळवंडलेलं चालतं. मानेवरची उभी चीर किंवा गोळीच्या सांध्यात हिरवा थर चालत नाही. प्रायमरभोवतीचा लाखेचा रंगीत कडा अखंड हवा. पाकिटाला आंबूस, डोळ्याला झोंबणारा वास असेल तर दारू बिघडली आहे. लोहचुंबक खिशात ठेवा: गोळीला चिकटलं तर बऱ्याच इनडोअर रेंज ती उडवूच देत नाहीत, मग गाभा शिशाचा असला तरी. सोव्हिएत मालात टोकाचा रंग बघा: रुपेरी म्हणजे हलकी, पिवळा म्हणजे जड, हिरवा म्हणजे ट्रेसर (मागं जळती रेघ सोडणारी), काळा-लाल म्हणजे चिलखतभेदी आग लावणारी. शेवटच्या दोन्ही सोडून द्या. ओक्लाहोमाचं वाळलेलं गवत पेटायला एक ट्रेसर पुरतो.

शंका उरली तर स्वतः परीक्षा घ्या. एका काडतुसातली गोळी काढा, दारू ओतून टाका, आणि रेंजवर नुसता प्रायमर घासून चकचकीत केलेल्या लोखंडी पट्टीवर नळी जवळ धरून उडवा. पट्टी ओलसर हवेत दोन-तीन दिवस ठेवा. गंज आला तर माल करोझिव्ह.

करोझिव्ह म्हणजे टाकाऊ नव्हे, पण सफाई चुकवायची सोय नाही. प्रायमरमधल्या पोटॅशियम क्लोरेटचं बारानंतर पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मिठाचाच भाऊ, हवेतला ओलावा ओढतो आणि नळी आतून खातो. नेहमीच्या सॉल्व्हंटला हा क्षार विरघळत नाही, पाण्यालाच विरघळतो. रेंजवरच बोल्ट काढा, चेंबरच्या बाजूनं फनेल आणि ट्यूब लावून लिटरभर कडकडीत पाणी ओता, लाकडावर सांडू देऊ नका. बोल्टचं तोंड आणि फायरिंग पिनचं टोक धुवा. गॅरंड, एसकेएस, एसव्हीटी-४० यांत गॅस सिलिंडर आणि पिस्टन सुटे करून धुवायचे. गंज पहिल्यांदा तिथंच धरतो. मग कोरड्या चिंध्या, सॉल्व्हंट, तेल. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी पुन्हा फिरवा, तांबूस आली तर सगळं परत. ह्यूस्टनसारख्या दमट गावात ‘उद्या करू’ म्हणालात तर नळीत खड्डे पडलेच समजा.

संध्याकाळचं जेवण, हॉटेल, परतीचा रस्ता, सगळं ठीक होतं. विमानानं जाणाऱ्यांनी वजनाचा विचार करावा: बहुतेक विमान कंपन्या चेक-इन सामानात माणशी ५ किलो काडतुसं चालवतात, आणि मोझिनच्या एका डब्यात नुसती काडतुसंच १० किलोच्या घरात भरतात. अमेरिकेची सरकारी टपालसेवा काडतुसं घेत नाही. गाडीनंच जा, आणि उन्हात बंद डिकीत माल दिवसभर तापत ठेवू नका. रेंजला नेलेली बॅग भारतात जाताना वापरणार असाल तर तिचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेत दिसलं, की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो.