झाड लावलं, पण पाणी कोण घालणार?

वृक्षारोपण म्हटलं की कुदळ, खड्डा आणि फोटो. बर्लिनमध्ये हा भाग बहुतेक प्रशासनच उरकतं. नागरिकांना पैसे द्यायचे तर २०१२पासून सुरू असलेल्या मोहिमेत तीही सोय आहे: एका झाडापुरती ठरलेली देणगी जमली की वरचा खर्च शहर उचलतं. शेजाऱ्यांची खरी गरज लागते ती झाड लावून झाल्यावर.

इथे रस्त्याकडेची झाडं चार लाखांहून जास्त आहेत. नवं झाड नर्सरीतून चांगलं उंच होऊनच येतं, खुंटांना बांधलेलं. पहिली काही वर्षं त्याला सरकारी पाणी मिळतं. नंतर मात्र दूध तुटलेल्या वासरासारखी त्याची गत होते: टँकर बंद झालेला आणि मुळं अजून खोल गेलेली नाहीत. त्यात २०१८ आणि २०१९चे उन्हाळे कोरडे गेले.

मग २०२०मध्ये 'गीस डेन कीत्स' (म्हणजे 'वस्तीला पाणी घाल') नावाचा नकाशा ऑनलाइन आला. आपल्या गल्लीतल्या झाडावर बोट ठेवायचं. त्याची जात, वय आणि गेल्या तीस दिवसांत तिथे पडलेला पाऊस दिसतो. झाड दत्तक घेता येतं, किती लिटर घातलं तेही नोंदवता येतं. त्यामुळे एकाच झाडाला चौघांनी पाणी घालायचं आणि शेजारचं सुकायचं, हा प्रकार टळतो. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते.

नकाशावर हातपंपही आहेत. शहरभर असे दोन हजारांच्या आसपास पंप आहेत, आणीबाणीत पाणी मिळावं म्हणून राखलेले. ओतीव लोखंडाचा जडशीळ दांडा पाच-सहा वेळा दाबला की आधी घरघर आणि मग एकदम बदाबदा पाणी. पिण्याचं नव्हे, पण झाडाला चालतं. आमच्या कोपऱ्यावरचा पंप अर्थातच ऐन उन्हाळ्यात नादुरुस्त! लोक पुढच्या चौकातून बादल्या आणतात.

रोज तांब्याभर पाणी घालण्यात अर्थ नसतो. वरची माती तेवढी ओली होते आणि मुळं वरच रेंगाळतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा पाच-सहा बादल्या, सावकाश, जिरू देत. आळ्यात फुलं लावायची हौस असेल तर माती वरवरच उकरायची. खोल खणलं की बारीक मुळं तुटतात. आमच्या इमारतीत पाण्याची पाळी ठरवायला व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्यावर भांडणंही होतात, बहुतेक सुट्टीवर कोण कधी जाणार यावरून.