वाळवंटातले धबधबे, तेही ऐन उन्हाळ्यात

ओमानची राजधानी मस्कत ते दक्षिणेला समुद्रकाठी असलेलं सलाला, रस्त्याने साधारण हजार किलोमीटर. विमानाने गेलं तर दीड-पावणेदोन तासांत काम होतं, पण दादाचा हट्ट, गाडीनेच जायचं. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. बरीच वर्षं मस्कतला नोकरीला आहे आणि ओमानबद्दल त्याची ठाम मतं आहेत. त्यातलं एक असं, की मधलं वाळवंट ओलांडल्याशिवाय सलालाच्या धबधब्यांना काही किंमत नाही. वहिनीने कपाळावर हात मारला, पण थर्मास भरून घेतले.

निझवा आणि आदम ही गावं मागे पडली की डोंगर संपतात. पुढचं वाळवंट सिनेमातलं नाही. वाळूच्या टेकड्या वगैरे काही नाहीत. फिकट पिवळा, खडीचा, सपाट माळ, आणि त्यावरून सरळ गेलेला डांबरी रस्ता. तासन् तास तेच. उंटांच्या चित्राच्या पाट्या येतात, मग खरोखरचे उंट येतात. साधारण मध्यावर हैमा नावाचं गाव आहे. पेट्रोल, मशीद, चहा, झोपायला दोन-चार हॉटेलं. जुलैतली दुपार होती आणि गाडीच्या काट्यावर बाहेरचं तापमान ४६. दार उघडलं तर श्वासच अडकला. चहावाला केरळचा होता. कुठे निघालात विचारलं, आणि सलाला म्हटल्यावर हसून म्हणाला, "सगळे तिकडेच चाललेत." खरंच होतं. पंपावर दुबईच्या, सौदीच्या, कुवेतच्या नंबरप्लेटा, टपावर चटया, शेगड्या, घडीच्या खुर्च्या. आपल्याकडे पावसाळ्यात लोक भिजायला घाटात जातात, तसं हे अख्खं आखात भिजायला दक्षिणेकडे निघालेलं.

मला या प्रवासात सगळ्यात जास्त आवडलं ते कुठलाही धबधबा नव्हे, थुमरैतच्या पुढचा तुकडा आवडला. थुमरैतपासून सलाला जेमतेम ८० किलोमीटर. तिथेही ऊन तसंच, माळ तसाच. रस्ता हळूहळू चढत जातो, आणि मग समोर डोंगराच्या माथ्यावर एक पांढरी कड दिसायला लागते. जवळ गेल्यावर कळतं की ते धुकं आहे आणि ते पलीकडून वर येऊन माथ्यावर अडलंय. काही मिनिटांत गाडी त्यात शिरली. दादाने वायपर लावले, दिवे लावले, वेग अगदी कमी केला. घाट उतरताना काट्यावरचा आकडा भराभर खाली आला आणि २६ वर थांबला. डाव्या हाताला गवत होतं. हिरवंगार, गुडघाभर, थेट रस्त्याच्या कडेपर्यंत. दहा मिनिटांपूर्वी तिथे दगडाशिवाय काही नव्हतं.

ही सगळी किमया आपल्याच नैऋत्य मोसमी वाऱ्यांची. कोकणात येणारे हे वारे अरबस्तानच्या या किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतात. त्यांच्या रेट्याने समुद्राचं वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं आणि त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं. त्या गार पाण्यावरून येणारी दमट हवा थंडावते आणि तिचं धुकं होतं. वर उसळून त्याचे मोठे ढग व्हावेत, तर तेही होत नाही. उत्तरेच्या वाळवंटातली तापलेली कोरडी हवा त्याच्यावर झाकणासारखी बसलेली असते. म्हणून इथे गडगडाट नाही, विजा नाहीत, मुसळधार नाही. धुकं ढोफारच्या, म्हणजे सलालाच्या प्रांतातल्या, डोंगरांना येऊन भिडतं आणि साधारण २१ जून ते २१ सप्टेंबर तिथेच मुक्काम ठोकतं. या मोसमाला इथे खरीफ म्हणतात. समुद्राकडच्या उतारावर हिरवळ, माथा ओलांडला की पुन्हा माळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऐन अथूमला गेलो. झऱ्याच्या नावाआधी इथे ऐन लागतं: ऐन रझात, ऐन जरझीझ, ऐन सहलनूत, ऐन खोर. रझातला बारा महिने पाणी असतं. अथूमचं पाणी मात्र खरीफचं. गाडी लांब लावून चिखलातून चालत जावं लागतं. समोर एक उभा कडा, त्यावर झाडोरा, आणि त्यातून वेगवेगळ्या जागांहून निघालेल्या धारा खालच्या हिरव्या डोहात पडत होत्या. आंबोली नाहीतर ठोसेघर पाहिलेल्या माणसाला ही उंची आणि हे पाणी बघून फारसं काही वाटणार नाही, हे सांगून टाकते. आवाजही मोठा नाही. शेजारी उभ्या माणसाशी साध्या आवाजात बोलता येतं.

पण जवळ जाऊन बघितलं तेव्हा गंमत कळली. पाणी वरच्या एखाद्या नदीतून येत नाही. ते कड्याच्या अंगातून, भेगांतून पाझरतंय. चुनखडीचा डोंगर, वर धुकं. खडकावर हाताच्या उंचीवर हंसराजाची पानं लोंबत होती, प्रत्येकाच्या टोकाला एक थेंब. शेजारी शेवाळाखाली दगड आहे असं समजून बोट टेकवलं, तर तो खडबडीत, सच्छिद्र, मधूनच ठिसूळ. डोंगरातून येणाऱ्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. पाणी बाहेर हवेत आलं की तो थोडा थोडा मागे उरतो आणि त्याचेच थर चढत जातात. म्हणजे धबधबा स्वतःचा कडा स्वतःच बांधतो. आपल्याकडचे धबधबे कडा झिजवतात, इथे उलटा कारभार.

आणि पाऊस तरी किती, तर नावाला भुरभुर. केस ओले होतात, शर्ट दमट होतो, छत्रीची गरज नाही. मग एवढं पाणी मुरतं कुठून? याचं उत्तर वहिनीला मिळालं. ती आडोसा म्हणून एका झाडाखाली उभी राहिली आणि दोन मिनिटांत चिंब झाली. बाहेर उघड्यावर आम्ही कोरडेच! झाडं धुकं पानांवर अडवतात, त्याचे थेंब होतात, ते टपटपा खाली पडतात. झाडाखाली पाऊस आणि मोकळ्यावर नाही. उघड्या जमिनीपेक्षा झाडाखालच्या मातीला जास्त पाणी मिळतं. म्हणून इथली जुनी झाडं गेली की नुसती सावली जात नाही, झऱ्याचं पाणीही कमी होण्याची भीती असते.

डोहाच्या काठावर एक कुवेती कुटुंब चटई टाकून बसलं होतं. पोरं हात पसरून उभी, आजोबा खुर्चीत, डोक्यावर काही न घेता, तोंड वर करून. दादाचं अरबी ऐकून त्यांनी आम्हाला बोलावलं, खजूर आणि बिनदुधाची वेलदोड्याची कॉफी पुढे केली. आम्ही भारतातले आहोत म्हटल्यावर त्यांना नवलच वाटलं. "तुमच्याकडे तर पाऊसच पाऊस. मग इथे काय बघायला आलात?"

"तुम्हाला बघायला," दादा म्हणाला. आजोबा इतके हसले की कॉफी सांडली.

डोहात मात्र कुणी उतरू नये. बऱ्याच झऱ्यांवर पाण्यात जाऊ नका अशा पाट्या आहेत. घसरून बुडण्याचा धोका आहेच, शिवाय साचलेल्या पाण्यातल्या गोगलगायींमुळे बिल्हार्झिया नावाचा कृमींचा आजार होऊ शकतो. पाट्या वाचूनही पाय सोडून बसलेले लोक होते, तो भाग वेगळा.

मग वादी दरबात. सलालाच्या पूर्वेला, ताका नावाच्या गावाच्या पुढे. ही रुंद दरी, मधून ओहोळ, त्याला टप्प्याटप्प्याने लहान धबधबे, पुढे संथ पाण्यात पायडलच्या होड्या. फार सुंदर आणि फार गर्दी. शुक्रवार-शनिवार, म्हणजे तिथली आठवड्याची सुट्टी, टाळा, एवढंच म्हणते. गाई रस्त्याच्या मधोमध उभ्या असतात आणि हॉर्नला अजिबात भीक घालत नाहीत. डोंगरातले लोक आपापसात जिब्बाली बोलतात. ही भाषा अरबीच्या नात्यातली, पण वेगळी. त्यांच्यातल्या एका गुराख्याने दादाला सांगितलं की उंट खरीफमध्ये खाली मैदानात नेतात, चिखलात त्यांचे पाय टिकत नाहीत आणि माशा सतावतात.

आता इंटरनेटवरच्या त्या प्रसिद्ध फोटोबद्दल. दरबातच्या खालच्या तोंडाला सुमारे शंभर मीटरचा एक प्रचंड कडा आहे आणि फोटोत त्याच्या सबंध रुंदीभरून पांढरं पाणी कोसळताना दिसतं. आम्ही गेलो तेव्हा कड्यावर पाणी नव्हतं. नुसती करडी, सुरकुतलेली, पडद्यासारखी लोंबणारी दगडी भिंत. तो देखावा दरवर्षीच्या भुरभुरीचा नसतो, त्यासाठी चक्रीवादळ किंवा तसाच जबर पाऊस लागतो. २५ मे २०१८ ला मेकुनू वादळ सलालाजवळ धडकलं, तेव्हा हा कडा असा वाहिला होता. वाहिनीवर बातम्यांत बघितलेलं दादाला आठवत होतं, आणि सलालाचे रस्ते पाण्याखाली गेलेलेही. तेव्हा फोटोच्या भरवशावर जाऊ नका. मला स्वतःला कोरडी भिंतच जास्त भावली. तिच्यावर चढलेला एकेक थर कधीतरी वाहून गेलेल्या पाण्याचा आहे, हे पाणी पडत असताना कळलंच नसतं.

या दरीचं पाणी पुढे खोर रोरीच्या खाडीला मिळतं. खाडीच्या काठावर सुमहुरम या जुन्या बंदराचे अवशेष आहेत. लोबान, म्हणजे धुपासाठी जाळतात तो झाडाचा वाळलेला चीक, इथून जहाजांत भरला जायचा. खोर रोरी, अल-बलीद, शिसर आणि वादी दौका ही लोबानभूमीची चार ठिकाणं २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

वादी दौका परतीच्या वाटेवरच आहे, थुमरैतच्या रस्त्याला. घाट चढलो, धुकं सुटलं, वायपर बंद केले आणि थोड्याच वेळात पुन्हा चाळिशीतलं ऊन. लोबानाची झाडं याच बाजूला वाढतात. त्यांना धुकं सोसत नाही, पण धुक्याच्या आसपास असणं लागतं. बुटकी, वेडीवाकडी, कागदासारखी साल सुटलेली. एका खोडावर जुन्या छेदाजवळ वाळलेल्या चिकाचे दोन मणी होते. वहिनीने बोट लावून वास घेतला, "अगं, देवघरातला धूप!" म्हणाली आणि परत गाडीत जाऊन एसी लावून बसली.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पाणी हवं असेल तर जुलैच्या मध्यानंतर आणि ऑगस्टमध्ये जा, पण राहण्याची सोय खूप आधी करा, तेव्हा खोल्यांचे भाव आकाशाला भिडतात. डोंगरात गाडी दिवसाउजेडीच चालवा, धुक्यात गाय आणि वळण दोन्ही एकदम समोर येतात. आणि भिजण्याची हौस आपल्याकडे भागत असेल, तर सरळ सप्टेंबरच्या अखेरीला जा. तेव्हा धुकं उठतं, ऊन पडतं, गवत अजून हिरवं असतं, झरे वाहते असतात आणि आखातातल्या शाळा सुरू झालेल्या असतात. पुढच्या खेपेला मी तेव्हाच जाणार आहे, आणि विमानाने. दादाला अजून सांगितलेलं नाही.