रडू येत नाही म्हणून आलेला नट

जत्रेतल्या नाटकात वर्षानुवर्षं बापाची भूमिका करणारे आमचे एक नेहमीचे दादा फोंड्यातल्या दुकानात आले आणि ग्लिसरीन मागू लागले. डोळ्यांत पाणी आणायला नाटकवाले ग्लिसरीन नेतातच. पण हे गृहस्थ तालमीतसुद्धा खरेखुरे रडणारे!

"तुम्हाला कशाला लागतं, दादा?"

"वाक्यं येतात रे, आतून काही हलत नाही."

त्यांची थायरॉइडची रोजची गोळी, थायरॉक्सिन ५०, आमच्याकडूनच जाते. नवीन गोळी? "नाही." या 'नाही'वर फार्मासिस्टने कधी विश्वास ठेवू नये. पावडर, कॅप्सूल, गमी यांना लोक औषधात धरतच नाहीत. खोदून विचारल्यावर मोबाइलवर फोटो दाखवला: अश्वगंधा, मुळाचा अर्क ६०० मिलिग्रॅम, विथॅनोलाइड्स (त्यातली मुख्य द्रव्यं) ५ टक्के. ऑनलाइन मागवलेली, पावसाळ्यापासून रोज.

डब्यावर 'स्ट्रेस रिलीफ' ठळक, आणि 'औषधी वापरासाठी नाही' हे मुंगीच्या पायाएवढं. शेड्यूल एच-वन, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीतली अँटिबायोटिकची एक स्ट्रिप द्यायची तर मला रजिस्टरमध्ये डॉक्टर आणि रुग्णाचं नाव लिहून ती नोंद ३ वर्षं जपावी लागते. हा डबा मात्र कुरियरवाला दारात टाकून जातो.

अश्वगंधेने ताण आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन कमी होतं असं काही चाचण्यांत दिसलंय. भावना बोथट झाल्याचं घेणारे सांगतात, पण ते सिद्ध झालेलं नाही. मला काळजी थायरॉइडची होती. अश्वगंधा थायरॉइडचे हार्मोन वाढवू शकते, वर तेच हार्मोन देणारी थायरॉक्सिन चालूच. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली, त्यात हेही एक कारण होतं. "डबा घेऊन डॉक्टरांकडे जा, टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा," म्हटलं.

संध्याकाळी वहिनींचा फोन. "बंद करायला सांगू नका हं. यंदा चवथीला पहिल्यांदाच घरात आरडाओरडा झाला नाही."

यावर काय बोलणार? तपासण्याच्या यादीत बायकोचं मत कुठे लिहायचं असतं, हे डी. फार्मला शिकवत नाहीत.

टीएसएच कमी आलं, म्हणजे थायरॉइडचे हार्मोन जास्त; डॉक्टरांनी कॅप्सूल थांबवली. मला अजून कोडं आहे ते हे, की हे हार्मोन वाढले तर माणूस चिडचिडा व्हायला हवा, हे उलट थंड पडले होते. जत्रेला दादा रडले, मंडपातल्या बायकाही रडल्या. कॅप्सूल सुटल्यामुळे की प्रेक्षक समोर आल्यामुळे, सांगता येत नाही. वहिनी हल्ली औषधं समोरच्या दुकानातून नेतात.