टोस्टरचा पोपट करणारा माणूस

अमृतमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थी सहसा जुन्या बाकांच्या, छडीच्या आणि डब्यातल्या लोणच्याच्या आठवणी लिहितात. त्या लिहायला पुष्कळ जण आहेत. माझ्या वाट्याची पानं मी एका दुसऱ्याच शाळेच्या माजी विद्यार्थ्याला देतो. दर वर्षी गॅदरिंगला विनोदी प्रवेश बसवणाऱ्या आपल्या मुलामुलींना त्याच्या कामातून फार शिकता येईल, म्हणून.

ग्रॅहम चॅपमन, ब्रिटिश विनोदी लेखक आणि नट. जन्म ८ जानेवारी १९४१, इंग्लंडमधल्या लेस्टरचा. वडील पोलिसात. शिक्षण मेल्टन मोब्रे ग्रामर स्कूलमध्ये. तिथल्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये त्याने मार्क अँटनी केला आणि गावच्या वर्तमानपत्राने त्याच्या कामाची वेगळी दखल घेतली. १९५९मध्ये तो वैद्यक शिकायला केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात गेला. तिथल्या फुटलाइट्स या नाट्यमंडळात त्याला जॉन क्लीज भेटला. पुढे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात शिकून तो डॉक्टर झाला खरा, पण दवाखाना कधी थाटला नाही. ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ या विनोदी मालिकेचा पहिला भाग बीबीसीवर ५ ऑक्टोबर १९६९ला लागला. १९७४पर्यंत ४५ भाग झाले. सहा जणांच्या त्या ‘पायथन’ चमूत चॅपमन आणि क्लीज जोडीने लिहीत.

जोडीने म्हणजे निम्मं-निम्मं नव्हे. कागद-पेन बहुधा क्लीजच्या हातात. चॅपमन पाइप ओढत गप्प बसलेला, आणि मधेच एखादी अशी गोष्ट बोलणार की सगळा प्रवेश दुसरीकडे वळेल. मेलेल्या पोपटाचा प्रवेश तसाच झाला. त्याचं मूळ १९६८च्या एका कार्यक्रमात होतं: गिऱ्हाईक गाडी परत घेऊन येतं, गाडीचे भाग डोळ्यांदेखत निखळत असतात आणि विक्रेता तरी काही बिघाड आहे असं मान्यच करत नाही. नव्या मालिकेसाठी क्लीज आणि चॅपमनने तो मालमसाला पुन्हा हाती घेतला तेव्हा गाडीच्या जागी बिघडलेला टोस्टर आला. प्रवेश चालत होता, पण साधा वाटत होता. याला आणखी वेडेपणा हवा, असं चॅपमनचं मत पडलं, आणि त्याने टोस्टरचा पोपट केला: गिऱ्हाईक मेलेला पोपट परत घेऊन येतं आणि दुकानदार तो मेलाय हे मान्यच करत नाही. ७ डिसेंबर १९६९ला तो प्रवेश दिसला.

इथे जरा थांबू, कारण गॅदरिंगचे बहुतेक प्रवेश नेमके इथेच फसतात. टोस्टर बिघडला आहे की नाही यावर खरोखर वाद होऊ शकतो. पोपट मेला आहे, यावर होऊ शकत नाही. प्रेक्षकाला पहिल्या अर्ध्या मिनिटात सत्य दिसतं आणि उरलेला सगळा वेळ तो एकाच गोष्टीची वाट पाहतो: दुकानदार आता काय सबब सांगणार? म्हणजे प्रवेशाचे भाग तीनच. एक, जिच्याबद्दल शंकाच नाही अशी वस्तुस्थिती. दोन, ती नाकारणारा माणूस. तीन, ती सिद्ध करता करता पेटत जाणारा दुसरा माणूस. यात तिसरा शहाणाच हवा. दोघंही वेडे केले की प्रेक्षकाला धरायला काही उरत नाही, आणि पाच मिनिटांचा प्रवेश दुसऱ्या मिनिटाला मरतो. सबबीही चढत्या क्रमाने लावायच्या. सगळ्यात जोरदार सबब आधी वापरली की पुढच्या सगळ्या उतरणीला लागतात.

चीजच्या दुकानाचा प्रवेश तर आणखी बोलका आहे. फोकस्टन बंदरात चित्रण करताना क्लीजला बोट लागली होती. परतीच्या वाटेवर चॅपमन म्हणाला, काहीतरी खा, काय खावंसं वाटतंय? चीज, क्लीज म्हणाला. वाटेत औषधांचं दुकान दिसलं. तिथे चीज मिळेल का, असा विषय निघाला, तेव्हा चॅपमनने सांगितलं, मिळालं तर ते औषधी चीज असेल आणि त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागेल. प्रवेश लिहायला बसल्यावर मात्र ही कल्पना टिकेना. औषधाच्या दुकानात चीज मागणारा माणूस फक्त चुकीच्या दुकानात शिरलेला असतो. चीजच्याच दुकानात चीज नाही, हे ठरलं तेव्हा प्रवेशाला कणा आला. मग गिऱ्हाईक एकेक नाव घेतं, ४०हून अधिक नावं, आणि दर वेळी नाही. क्लीजला लिहिताना यात हसण्यासारखं काय ते कळत नव्हतं. चॅपमन मात्र ठाम होता. वाचनाला बाकीचेही फारसे हसले नाहीत. मायकेल पेलिन तेवढा हसून हसून जमिनीवर लोळला.

अशी यादी तुम्ही प्रवेशात घालणार असाल तर ती पाठ करायचा कंटाळा करू नका. एक नाव अडखळलं की लय तुटते आणि आधीच्या वीस नावांनी साठवलेला ताण वाया जातो. नकार देणाऱ्याने दर वेळी तोच सूर लावायचा नाही, थोडा थोडा बदलायचा: कधी खेद, कधी आश्चर्य, कधी क्षणभर आशा. ते जमलं नाही तर यादी ही नुसती यादीच राहते.

प्रवेश संपवायचा कसा, ही सगळ्यांचीच अडचण. शेवटचा पंच सुचत नाही, मग नाच घालतात किंवा पडदा पाडतात. पायथनने यावर उघडाच उपाय काढला. चॅपमन कर्नलच्या गणवेशात येतो, हे सगळं फारच बाष्कळ झालं म्हणतो आणि चालू प्रवेश तिथेच तोडतो. हे पेललं ते त्याच्या चेहऱ्यामुळे. खरा लष्करी अधिकारी जितका वैतागेल तितकाच तो वैतागे, तसूभरही जास्त नाही. कर्नलने डोळा मिचकावला असता तर सगळं कोसळलं असतं.

हाच गंभीर चेहरा त्याला मोठ्या भूमिकांपर्यंत घेऊन गेला. पायथनच्या ‘होली ग्रेल’ चित्रपटातला आर्थर राजा आणि ‘लाइफ ऑफ ब्रायन’ चित्रपटातला ब्रायन, दोन्ही नायक त्याचे. भोवती सगळे गंमत करत असताना मध्यभागी उभं राहून ती खरी मानायची, हे काम दिसतं त्याहून कितीतरी अवघड आहे.

बायकांच्या भूमिकाही हे लोक स्वतः करत. कोट, टोपी, हातात पर्स, चिरका आवाज. त्या प्रौढ गृहिणींना ते ‘पेपरपॉट’ म्हणत. १९७२च्या एका भागात क्लीज आणि चॅपमन अशा दोन बाया होऊन कपडे धुण्याच्या दुकानात फ्रेंच विचारवंत सार्त्रच्या तत्त्वज्ञानावर वाद घालतात आणि थेट पॅरिसला त्याच्या घरी विचारायला जातात. हसू येतं ते बोलण्यातून. आपल्याकडे मुलगा साडी नेसून कंबर हलवत आला की काम झालं असं मानतात. पायथनमध्येही असले सोपे हशे आहेत, विशेषतः बायकी पुरुषांवरचे, आणि तेच भाग आज सर्वांत शिळे वाटतात.

चॅपमन स्वतः समलिंगी होता. रग्बी खेळणारा, डोंगर चढणारा, पाइप ओढणारा हा उंचापुरा माणूस लोकांच्या मनातल्या कुठल्याच साच्यात बसत नव्हता. १९६६मध्ये इबिझात त्याला डेव्हिड शेरलॉक भेटला. तेव्हा इंग्लंडमध्ये दोन पुरुषांचं असं नातं हा गुन्हा होता. जुलै १९६७मध्ये कायदा बदलला, तोही २१ वर्षांवरच्या पुरुषांपुरता आणि चार भिंतींच्या आतच. (आपल्याकडे तो दिवस ६ सप्टेंबर २०१८ला उजाडला.) त्याच १९६७मध्ये चॅपमनने मित्रांना घरी बोलावून शेरलॉकची ओळख करून दिली. क्लीजला तोवर पत्ताही नव्हता. पुढे चॅपमनने टीव्हीवरच्या मुलाखतीत हे सांगितलं, १९७२मध्ये निघालेल्या ‘गे न्यूज’ या समलिंगींच्या वृत्तपत्राला पैसे दिले, आणि लिव्हरपूलहून पळून आलेल्या एका किशोरवयीन मुलाचं कायदेशीर पालकत्व घेतलं. नाव लागलेलं असताना, काम मिळत असताना त्याने हे केलं. मला या माणसाबद्दल जो आदर आहे तो पोपटाइतकाच याच्यासाठी आहे.

दारूने त्याचं फार नुकसान केलं. १९७४मध्ये स्कॉटलंडला ‘होली ग्रेल’चं चित्रण चालू असताना ग्लेन्कोच्या दरीवरचा झुलता पूल या गिर्यारोहकाला ओलांडता आला नाही. दारू न मिळाल्याने हातपाय थरथरत होते. त्याचे कपडे घालून दुसऱ्याला पाठवावं लागलं. वाक्यंही विसरायचा. १९७७च्या नाताळात त्याने दारू एकदम सोडली. असं एकाएकी सोडणं जिवावर बेतू शकतं, हे डॉक्टर म्हणून त्याला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या वर्षी ट्युनिशियात ‘ब्रायन’चं चित्रण झालं तेव्हा त्याला एकूण एक वाक्य पाठ होतं, आणि दिवसाचं काम संपलं की तो युनिटमधल्या आजाऱ्यांना तपासायला बसे.

१९८३चा त्याचा ‘यलोबिअर्ड’ हा चित्रपट पडला. १९८८च्या अखेरीस टॉन्सिलचा कर्करोग निघाला, तो मणक्यापर्यंत गेला. ४ ऑक्टोबर १९८९ला, मालिकेच्या विसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तो गेला. वय ४८. शेरलॉक अखेरपर्यंत सोबत होता. डिसेंबरात सेंट बार्थोलोम्यूजच्या सभागृहात स्मरणसभा झाली. क्लीज बोलायला उभा राहिला आणि त्याने सुरुवातीलाच पोपट मेला हे सांगणारे ते सगळे वाक्प्रचार, एकामागून एक, मित्राच्या नावाने म्हटले. सभागृह हसलं.