गाढवाला सगळं आठवत होतं

माकड आणि मगरीची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, काळीज झाडावर राहिलं असं सांगून माकड सुटतं आणि बहुतेकांची गोष्ट तिथेच संपते. पण पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रात, लब्धप्रणाश नाव त्याचं, ती पुढे चालू राहते. मगर परत गोड बोलायला लागतो की अरे मी गंमत केली, चल ना घरी. आणि माकड त्याला एक गोष्ट ऐकवतं, लंबकर्ण नावाच्या गाढवाची.

हत्तीशी झुंजून जखमी झालेला सिंह, त्याला शिकार जमत नाही, म्हणून कोल्हा गोड बोलून गाढवाला घेऊन येतो. सिंहाचा पंजा कमी पडतो, गाढव पळतं, वाचतं. मग कोल्हा पुन्हा त्याच्याकडे जातो आणि सांगतो की अरे ती तर गाढवीण होती, तुला मिठी मारायला उठली आणि तू घाबरून पळालास! गाढव परत येतं आणि मरतं. सिंह आंघोळीला गेलेला असताना कोल्हा त्याचे कान आणि काळीज खाऊन टाकतो, सिंहाने विचारलं तर म्हणतो, याला कान आणि काळीज असतं तर हा परत आला असता का?

मला ही गोष्ट इतकी का लागते सांगू? गाढव काही विसरलेलं नव्हतं, पंजा त्याच्या चांगला लक्षात होता, फक्त त्या आठवणीचा अर्थ दुसऱ्या कुणीतरी बदलून दिला आणि तो अर्थ सुखाचा होता म्हणून त्याला पटला. आपण तीच चूक दुसऱ्यांदा करतो तेव्हा बहुतेक वेळा असंच होतं, आणि बऱ्याचदा कोल्हा बाहेर नसतोच, आपणच स्वतःला समजावतो की तेव्हा तसं नव्हतं गं, तूच घाबरलीस.

आणि दुसरं म्हणजे यात गाढव काहीच शिकत नाही, शिकतं ते माकड, तेही दुसऱ्याची गोष्ट सांगता सांगता. पाचव्या तंत्रातल्या मुंगसाचंही तसंच, बाळाला सापापासून वाचवणारं मुंगूस, त्याच्या तोंडाला रक्त बघून आई त्याला मारते, नंतर खरं कळतं पण मुंगूस काही परत येत नाही. तिला दुसरी संधी नाही, ती आपल्याला आहे. रूपककथेचं सगळं बळ मला इथेच वाटतं. पात्र शेवटच्या ओळीत "मला माझी चूक कळली" म्हणालं की वाचणाऱ्याला करायला काही उरत नाही.

हे मला स्वतः लिहायला घेतलं तेव्हा कळलं. एका मैत्रिणीवर जरुरीपेक्षा जास्त विश्वास टाकला होता, फार दुखावले गेले, आणि नंतर कितीतरी वर्षं कुणालाच मनातलं सांगितलं नाही, आणि यालाच मी शहाणपण समजत होते. दुधाने तोंड पोळलं म्हणून मी ताक फुंकून पीत नव्हते, ताकाला हातच लावत नव्हते. मग एक गोष्ट लिहिली, एक पणती वाऱ्याने विझते, दुसऱ्या दिवशी ती चारी बाजूंनी भिंती मागून घेते, वरून झाकणही, आणि आत हवाच न उरल्याने विझते. पहिल्या खर्ड्यात तिने मरताना एक छोटं भाषण दिलं होतं, ते मी काढून टाकलं, कारण चुकीतून चुकीचा धडा घेणाऱ्याला तो चुकीचा आहे हे कळतच नाही, तेच तर त्याचं दुःख.

आता परत लिहितेय. या वेळी पणती एका भिंतीत बोटभर फट ठेवते. रात्री तिथून वारा येतो, ज्योत पार आडवी होते, जवळजवळ जातेच. सकाळी ती फट बुजवते की तशीच ठेवते, तिथे माझं अडलंय.